बाबिलोनचे खांब आणि वेरूळचा महारवाडा

चित्रकलेचा इतिहास आपल्याकडे रंगरेषांचा इतिहास म्हणून शिकवला जातो. चित्र कोणाच्या पैशाने झाले, कोणी तिकीट काढून पाहिले, आणि त्यात जी इमारत कोसळताना दिसते तिचे खांब कुठून आले, हे प्रश्न कलासमीक्षकांना ग्राम्य वाटतात. चळवळीत वाढलेल्या वाचकाला मात्र हेच प्रश्न आधी सुचतात. ते सुचावेत यात वावगे काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात एक चित्रपरंपरा उदयाला आली. बायबलातील जलप्रलय, पापी नगरांचा विध्वंस, अंतिम न्यायाचा दिवस असे प्रसंग डोंगर, आकाश, वीज आणि समुद्र यांच्या अवाढव्य पसाऱ्यात मांडणारी ही निसर्गचित्रे होती. जॉन मार्टिन हा तिचा सर्वांत गाजलेला चित्रकार. इंग्लंडातल्या या गोष्टीचे एक मूळ आपल्या वेरूळच्या डोंगरात आहे, आणि तेथे ते आपल्या वस्तीच्या नावाशी जाऊन भिडते. म्हणून हा लेख.

मार्टिनचा जन्म १७८९ चा, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या सालचा. उत्तर इंग्लंडमधील हेडन ब्रिज नावाच्या गावी एका खोलीच्या घरात तो जन्मला. बापाने कातडी कमावण्यापासून तलवारबाजी शिकवण्यापर्यंत पोटासाठी नाना धंदे केले. मुलाला न्यूकॅसलमध्ये घोडागाड्यांवर सरदार घराण्यांची चिन्हे रंगवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले, पण मजुरीवरून भांडण होऊन ते काम सुटले. १८०६ साली तो लंडनला आला आणि काचेवर व चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे काढून पोट भरू लागला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण नाही, घराण्याचे नाव नाही, खानदानी आश्रयदाता नाही. रॉयल अकादमीने त्याला शेवटपर्यंत सभासद करून घेतले नाही. प्रस्थापितांच्या दालनात शिरण्याची दारे कशी बंद होतात, हे जात नसलेल्या समाजातही पाहण्यासारखे असते.

परंतु लोकांनी त्याला उचलून धरले. १८१६ साली त्याने यहोशवा सूर्याला थांबण्याची आज्ञा करतो तो प्रसंग रंगवला, १८१९ साली ‘बाबिलोनचा पाडाव’ आणि १८२१ साली ‘बेलशस्सराची मेजवानी’ हे चित्र प्रदर्शनात ठेवले. या शेवटच्या चित्राने लंडन वेडे झाले. पाच हजारांवर लोकांनी पैसे मोजून ते पाहिले, गर्दीमुळे चित्रासमोर कठडा घालावा लागला. प्रदर्शनाच्या संस्थेने त्याला २०० गिन्यांचे पारितोषिक दिले. चित्र विकत घेतले ते कोणा उमरावाने नव्हे, तर मार्टिन पूर्वी ज्याच्याकडे काचेवर चित्रे काढीत होता त्या कारखानदाराने. त्याने ८०० गिन्या मोजल्या, हमरस्त्यावरच्या दुकानात चित्र मांडले आणि बघ्यांकडून पैसे घेतले. पुढे मार्टिनने पोलादी पत्र्यांवर कोरून आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढल्या आणि त्या साध्या घरांच्या भिंतींवर गेल्या. यॉर्कशायरमधील ज्या पाद्र्याच्या घरात ब्रॉन्टे भगिनी वाढल्या, तेथेही त्या टांगलेल्या होत्या. तैलचित्र उमरावाच्या दिवाणखान्यात कोंडलेले असते, छापील प्रत बाजारात उतरते. फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी छापखान्याला किती जपले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या फरकाचे महत्त्व सांगायला नको.

आता प्रसंग पाहा. जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या सोन्याच्या भांड्यांतून बाबिलोनचा राजा बेलशस्सर आणि त्याचे सरदार दारू पीत आहेत. एवढ्यात एक हात प्रकट होतो आणि भिंतीवर अक्षरे लिहितो. दरबारातल्या एकाही पंडिताला ती वाचता येत नाहीत. ती वाचतो दानिएल, म्हणजे पकडून आणलेल्या, पराभूत, परक्या जमातीतला माणूस. राज्याचे दिवस भरले, तराजूत राजा हलका ठरला, असा त्या लिपीचा अर्थ. त्याच रात्री राजा मारला जातो. ज्याला सत्तेने गुलाम केले त्यालाच सत्तेच्या भिंतीवरचे अक्षर वाचता येते, ही यातली खरी ठिणगी आहे.

लंडनच्या गर्दीला ती कळली नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ ला संपले होते. सैनिक बेकार, धान्य महाग आणि मताचा अधिकार मूठभरांना, अशी स्थिती होती. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या पीटरलू मैदानावर हक्क मागायला जमलेल्या हजारो कामगारांवर घोडदळ घातले गेले आणि किमान पंधरा माणसे मेली, त्यात बायका होत्या. ‘बाबिलोनचा पाडाव’ हे चित्र त्याच सालचे. १८२१ साली नव्या राजाचा, चौथ्या जॉर्जचा, डोळे दिपवणारा खर्चिक राज्याभिषेक झाला, आणि मेजवानीचे चित्र त्या सालचे. राजावर उघड बोलणे धोक्याचे होते, बायबलावर बोलणे मात्र पुण्याचे होते. पुराणाच्या आडून वर्तमानावर बोलण्याची ही युक्ती कीर्तनकारांना आणि तमाशातल्या सोंगाड्यांना परकी नाही.

याच्या मागे एक धार्मिक हवाही होती. मेथडिस्ट पंथाने खाणकामगार, विणकर, मोलकरणी यांच्या हाती बायबल दिले होते. जगाचा अंत जवळ आला असे सांगणारे नवे प्रेषित गरीब वस्त्यांतून निघत होते. त्यांतली जोआना साउथकॉट (मृत्यू १८१४) ही तर शेतकऱ्याची मुलगी, मोलकरीण म्हणून राबलेली. मार्टिनच्या घरातच याचे एक टोक होते. त्याचा भाऊ जोनाथन फिरता उपदेशक बनला. दारू आणि मांसाच्या ताटांवर लोळणारे पाद्री ईश्वराच्या कोपाला पात्र आहेत अशा धमकीच्या चिठ्ठ्या त्याने लावल्या आणि १८२९ साली यॉर्कच्या प्रचंड चर्चला आग लावली. न्यायालयाने त्याला वेडा ठरवले आणि तो वेड्यांच्या इस्पितळातच १८३८ साली मेला. जाळपोळीचे समर्थन येथे करायचे नाही. परंतु एकाच आईच्या दोन मुलांपैकी एक मंदिर जाळतो आणि दुसरा जळणाऱ्या नगरांची चित्रे काढतो, तेव्हा त्या घराने आणि त्या वर्गाने कोणत्या धर्मभयाचे दूध प्यायले होते याचा विचार करावा लागतो.

श्रेष्ठ अभिरुचीच्या लोकांनी या चित्रांना नाटकी म्हटले. निबंधकार चार्ल्स लॅम याने १८३३ साली आधुनिक चित्रकारांच्या कल्पनाशक्तीच्या वांझपणावर लिहिताना ‘बेलशस्सराची मेजवानी’ हेच उदाहरण घेतले. (हा लॅम ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत जन्मभर कारकुनी करून १८२५ ला निवृत्त झालेला. आपल्या मुलखातून गेलेल्या मालाचे हिशेब त्याच्या लेखणीखालून गेले असणार!) पुढे रस्किननेही मार्टिनला झटकून टाकले. या टीकेत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मार्टिनची माणसे मुंग्यांसारखी दिसतात, त्यांचे चेहरे सारखे, हातवारे रंगभूमीवरचे. जनतेचे दुःख दाखवायचे तर जनतेला चेहरा द्यावा लागतो, आणि तो त्याला देता आला नाही.

तो चेहरा दिला त्याच्या प्रतिस्पर्ध्याने. फ्रान्सिस डॅन्बी हा आयरिश चित्रकार. त्याने १८२८ साली ‘सहाव्या मुद्रेचे उघडणे’ हे चित्र मांडले. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातला हा प्रसंग. भूकंप होतो, सूर्य काळा पडतो, आणि राजे, सरदार, धनवान, गुलाम आणि स्वतंत्र, सगळे डोंगरांच्या गुहांत लपतात असे मूळ ग्रंथात आहे. ग्रंथाने गुलामालाही भयाने पळायला लावले. डॅन्बीने तसे केले नाही. त्याच्या चित्रात राजा आडवा पडला आहे आणि गुलाम तुटलेल्या साखळ्यांसह हात उंचावून उभा आहे. जगाचा अंत ज्याला भयंकर वाटतो त्याच्याकडे त्या जगात गमावण्यासारखे काही असते. गुलामाकडे नव्हते. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करायचे ठरले तेव्हा नुकसानभरपाईचे २ कोटी पौंड मिळाले तेही मालकांना. आणि हे चित्र विकत घेतले कोणी? विल्यम बेकफर्डने, ज्याची सारी संपत्ती जमैकातील उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या घामातून आली होती. विद्रोहाचे चित्र विद्रोह ज्याच्याविरुद्ध त्याच्याच भिंतीवर शोभेला लागते. दलित साहित्याला मिळणाऱ्या पुरस्कारांच्या काळात ही गोष्ट विसरू नये.

आता वेरूळकडे वळू. मार्टिनपुढे एक व्यावहारिक अडचण होती. बाबिलोन आणि निनवे ही नगरे मातीखाली होती. निनवेचे उत्खनन १८४० च्या दशकात सुरू झाले, मार्टिनने ‘निनवेचा पाडाव’ १८२८ सालीच रंगवला. कंपनीचा बगदादमधील वकील क्लॉडियस रिच (याचे लग्न मुंबईतच १८०८ साली झाले होते) याने बाबिलोनच्या ढिगाऱ्यांवर १८१५ साली लिहिले खरे, पण त्यात विटा आणि टेकाडे, राजवाडे नाहीत. मग ते राजवाडे कशाचे बांधायचे? ‘निनवे’च्या चित्रासोबतच्या माहितीपत्रकात मार्टिनने स्वतःच खुलासा केला आहे. हे नगर इजिप्त आणि भारत यांच्या मध्ये वसलेले, म्हणून त्याची वास्तुरचना आपण एका बाजूने इजिप्तच्या आणि दुसऱ्या बाजूने अतिप्राचीन भारताच्या शैलीवरून कल्पिली आहे, असा त्याचा आशय.

त्या काळच्या इंग्रजांच्या लेखी अतिप्राचीन भारत म्हणजे डोंगरातली लेणी, प्रामुख्याने घारापुरी आणि वेरूळ. मार्टिनला हा माल घरबसल्या मिळाला होता. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या सर चार्ल्स कॉकरेलने ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिन्कोट नावाचा हिंदुस्थानी थाटाचा वाडा बांधवला. त्याच्या बागेतला पूल घारापुरीच्या धर्तीच्या खांबांवर उभा आहे आणि त्यावर नंदी बसवले आहेत. बागेच्या रचनेत सल्ला होता चित्रकार थॉमस डॅनियलचा. याच वाड्याची आणि बागेची दृश्ये १८१८ च्या सुमारास मार्टिनने कोरून काढली. म्हणजे ‘बाबिलोनचा पाडाव’ प्रदर्शनात जाण्याच्या सुमारासच त्याने मुंबईजवळच्या लेण्यांचे खांब इंग्लंडच्या गवतावर उभे राहून रेखाटलेले होते.

डॅनियलने १८०३ साली वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रे छापून प्रसिद्ध केली होती. परंतु ती त्याने वेरूळला बसून काढलेली नव्हती. मूळ रेखाटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. वेल्स १७९१ साली मुंबईला आला आणि पुण्याच्या दरबारात कंपनीचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने राहिला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्यानेच रंगवली. शनिवारवाड्यात त्याच्या देखरेखीखाली चित्रशाळा निघाली आणि तेथे गंगाराम तांबट हा कसबी चित्रकार तयार झाला. गंगारामानेही वेरूळची रेखाटने केली, आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्स १७९५ साली ठाण्याला मरण पावला, त्याची वेरूळची चित्रे डॅनियलच्या हाती गेली आणि लंडनला छापली गेली. छापलेल्या संचावर नाव डॅनियलचे आणि वेल्सचे. ज्या शहरात तांब्याची भांडी घडवणाऱ्या जातीतला गंगाराम वाड्यात बसून चित्रकला शिकत होता, त्याच पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे उच्छेदन’मध्ये ही नोंद केली आहे. चित्रशाळेचा इतिहास लिहिणारे हे दुसरे पान सहसा उलटत नाहीत.

त्या संचाचे इंग्रजी शीर्षक ‘वेरूळ डोंगरातील हिंदू लेणी’ अशा अर्थाचे आहे. शीर्षकातच सगळा डोंगर एका धर्माच्या नावावर चढला. वास्तविक वेरूळची १ ते १२ ही लेणी बौद्धांची आहेत आणि त्या डोंगरातल्या सर्वांत जुन्या कामांत त्यांची गणना होते. परंतु मॅलेट १७९४ साली तेथे गेला तेव्हा त्याला माहिती कोणी दिली? स्थानिक ब्राह्मणांनी आणि एका मुसलमान गृहस्थाने. ब्राह्मणांनी सांगितले की एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या अचलपूरच्या, इलू राजाने ही लेणी खोदवली. ‘विश्वकर्मा’ लेण्यातल्या बुद्धमूर्तीला सुतार आपला देव मानून नमस्कार करीत, त्या लेण्याला सुताराची झोपडी म्हणत. बुद्धाचे नाव कोणाच्या तोंडी उरले नव्हते. ब्राह्मी लिपी प्रिन्सेपने वाचली ती १८३७ साली.

आणि दक्षिण टोकाच्या लेण्यांना काय म्हणत? ढेडवाडा. इंग्रजांनी आपल्या कानाला ऐकू आले तसे ते लिहून घेतले. मॅलेटच्या वृत्तान्तात आणि पुढे कॅप्टन सीलीच्या १८२४ च्या पुस्तकात त्याचा अर्थही दिला आहे: हलालखोरांची, म्हणजे भंग्यांची, वस्ती. पाचव्या क्रमांकाच्या मोठ्या लेण्याचे तर स्वतंत्र नाव होते महारवाडा. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली लेण्यांवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला तेव्हाही हीच नावे चालू होती. वादळवाऱ्यात महार तेथे आसऱ्याला येत म्हणून हे नाव, असे त्यांना सांगण्यात आले. हे कारण खरे असेलही. परंतु ज्या धर्माला गावाबाहेर घालवले त्याच्या विहारांना आणि ज्या माणसांना गावाबाहेर ठेवले त्यांच्या वस्तीला एकच नाव पडावे, यात नुसता पाऊस कारण असेल हे मला पटत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात बौद्ध धर्म आणि अस्पृश्यता यांचा जो संबंध मांडला, त्यावर विद्वानांत वाद आहे आणि तो राहील. पण या नावाचे उत्तर त्या वादातल्या दोन्ही बाजूंनी द्यायला हवे.

थोडक्यात मार्ग असा: वेरूळचा डोंगर, पुण्याची रेसिडेन्सी, लंडनचा छापखाना, आणि तेथून कोसळत्या नगरांची चित्रे. ज्या लेण्यांना आपल्या मुलखात विटाळाचे नाव होते, त्यांच्याच डोंगरातली शैली लंडनमध्ये जुलमी सम्राटाच्या राजधानीला दिली गेली. इंग्रज प्रेक्षक पौर्वात्य नगर बुडताना पाहून थरारत होता आणि त्याच वेळी, १८१८ साली, त्याची कंपनी पेशवाई बुडवून पुणे ताब्यात घेत होती. बाबिलोनमध्ये त्याला आपला राजाही दिसे आणि जिंकलेला पूर्वेचा मुलूखही दिसे. चित्राला एकच अर्थ असतो असे समजणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. पीटरलूचा कामगार आणि कंपनीचा भागीदार एकाच कठड्याला टेकून उभे होते.

मार्टिनच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मला त्याच्या चित्रांइतकीच मोलाची वाटते. १८२७ पासून पुढे त्याने आपला पैसा आणि वेळ लंडनच्या पाण्यावर आणि मैल्यावर खर्च केला. शहराची घाण थेम्स नदीत जात होती आणि तेच पाणी लोक पीत होते. दोन्ही काठांना बांध घालावे, त्यांच्या पोटातून झाकलेली गटारे न्यावी, मैला नदीत न सोडता खत म्हणून शेतीला द्यावा, अशी योजना त्याने नकाशांसह छापली आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मांडली. १८३२ ला लंडनमध्ये पटकी आली तरी ती कोणी मनावर घेतली नाही. या खर्चात तो कर्जात बुडाला. तो १८५४ साली वारला. १८६० च्या दशकात बॅझलगेटने लंडनचे नदीकाठ आणि गटारे बांधली ती बरीचशी त्याच दिशेने. आपल्या मुंबईत मात्र १८८८ च्या महापालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाचा कर होता. लंडनने मैल्याला नळ दिला, आम्ही त्याला जात दिली. आणि तीच जात वेरूळच्या विहारालाही दिली.

शेवटच्या तीन वर्षांत मार्टिनने न्यायदिनाची तीन प्रचंड चित्रे काढली. ‘त्याच्या कोपाचा महान दिवस’ यात डोंगर उलथून माणसांवर पडत आहेत. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा मुलूख रात्री पार करताना हे दृश्य सुचले, असे त्याच्या मुलाने नोंदवले आहे. ‘अंतिम न्याया’त दरीत कोसळणाऱ्यांबरोबर आगगाडीही आहे. ही चित्रे त्याच्या मृत्यूनंतर इंग्लंड-अमेरिकेत गावोगाव फिरली. मग अभिरुची बदलली आणि १९३५ साली ती तिन्ही मिळून ७ पौंडांना गेली. आता ती लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.

भिवापुरात माझ्या वर्गात मिरची तोडायला जाणाऱ्या बायांची मुले-मुली आहेत. त्यांच्या घरांतले कॉलेजात आलेले ते पहिले, जसा माझ्या घरातला मी. त्यांना ही चित्रे पुस्तकातून दाखवली तेव्हा एका मुलीने विचारले, राजवाडा पडतो तेव्हा तो बांधणारे कुठे असतात? मार्टिनच्या चित्रात ते नाहीत. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी हौदात हातपाय धुतले, तेव्हा ढेडांनी पाणी बाटवले म्हणून ओरड झाली. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ल्यात सोडले. मॅलेटच्या कागदातला शब्द एकशे चाळीस वर्षांनी त्याच रस्त्यावर उभा होता, आणि ज्यांच्यासाठी तो वापरला ती माणसे त्याच लेण्यांकडे निघाली होती.

पाचव्या लेण्यात आत सुमारे ११७ फूट लांब दालन आहे. त्याच्या मधोमध दगडात कोरलेली दोन बुटकी लांबलचक बाकडी समांतर जातात. भिक्खू तेथे बसून जेवत किंवा पाठ करीत असावेत. आता तेथे फक्त क्रमांकाची पाटी आहे, जुने नाव पुस्तकांत उरले. भिवापुराजवळच्या पवनीला १९६९-७० साली देव आणि जोशी यांनी उत्खनन केले तेव्हा जगन्नाथ टेकडी आणि सुलेमान टेकडी अशा नावांखाली बौद्ध स्तूप निघाले. आमच्या तालुक्यातल्या टेकड्या, तळी आणि पडके ओटे यांना म्हातारी माणसे काय म्हणतात ते विद्यार्थी यंदा वहीत उतरवून घेत आहेत. बाटलेली म्हणून सोडलेल्या जागांची नावे वेगळ्या पानावर लिहायला सांगितली आहेत.